पातं गोल की लांब? स्पिनरबेट, महसीरचा चमचा आणि बाळापूरचं गढूळ पाणी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजच्या भागात राजे कमी आणि चमचे जास्त आहेत. आधीच सांगून ठेवतो, नंतर तक्रार नको.

आजची वस्तू म्हणजे पितळेचं एक छोटं पातं. एका टोकाला भोक, मधे किंचित खोलगट, वर निकेलचा नाहीतर सोनेरी मुलामा. अंगठ्याच्या पेराएवढं. वजन इतकं कमी की शर्टाच्या खिशात राहिलं तर वॉशिंग मशीनमध्ये आवाज आल्यावरच कळतं. हे पातं पाण्यात फिरायला लागलं की मासा धावून येतो आणि चावतो. आणि त्यात खाण्यासारखं काहीही नसतं. वास नाही, चव नाही, पोटात जाईल असं काही नाही. मासा फक्त हालचालीला फसतो.

मी पुण्यात कोड लिहितो, पण गाव बाळापूर. अकोल्यापासून पंचवीसेक किलोमीटर. मासेमारीच्या या सामानात मी गेली दोन वर्षं गुंतलोय, आणि एक प्रश्न डोक्यातून जात नाही. सगळे व्हिडिओ अमेरिकेतले, मासा अमेरिकेतला, पात्यांची नावंसुद्धा कोलोरॅडो आणि इंडियाना. मग बाळापूरच्या पाण्यासाठी पातं निवडायचं कसं? उत्तर शोधता शोधता मी बाराव्या शतकापर्यंत जाऊन आलो. चला, तुम्हालाही नेतो.

आधी वस्तू समजून घेऊ. स्पिनरबेट म्हणजे एक तार, इंग्रजी व्ही अक्षरासारखी वाकवलेली. खालच्या हातावर शिशाचं डोकं, त्याला गळ, आणि गळ झाकायला रबरी झालर. वरच्या हाताच्या टोकाला गोल फिरणारी कडी, आणि त्या कडीत आपलं पातं. जुने लोक त्याला सेफ्टी पिन म्हणायचे, दिसतंही तसंच. दोर व्हीच्या कोपऱ्याला बांधतात. ओढलं की वरती पातं गरगरतं, खाली झालर श्वास घेतल्यासारखी उघडमीट करते. वरचा हात पुढे असल्यामुळे गवत, काटक्या आधी तारेला लागतात आणि गळ अडकत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, बाळापूरला आल्यावर लागेल.

आता पाती. मुख्य आकार तीन. कोलोरॅडो म्हणजे जवळपास गोल. विलो लीफ म्हणजे लांब, निमुळतं, दोन्ही टोकांना टोकदार. विलो म्हणजे आपली वाळुंज बरं का, ओढ्याकाठी वाढते ती. म्हणजे तिच्या जातभाईचं पान. तिसरं इंडियाना, पाण्याच्या थेंबासारखं, दोघांच्या मधलं.

फरक दिसण्याचा नाही, फिरण्याचा आहे. गोल पातं फिरताना अक्षापासून लांब उघडतं, भरपूर पाणी ढकलतं, म्हणून त्याचे फेरे कमी पण प्रत्येक फेरा जड. रॉडच्या टोकापर्यंत धप् धप् जाणवतं. ते आमिषाला वर उचलूनही धरतं, त्यामुळे हळू ओढलं तरी चालतं. विलो अक्षाला चिकटून फिरतं, वेगात फिरतं, पाणी फारसं हलवत नाही, पण प्रकाश फेकतं. लहान माशांचा थवा उन्हात वळला की जशी चमक येते तशी. थोडक्यात कोलोरॅडो ऐकू जातं आणि विलो दिसतं. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा असते, तिच्यातून त्याला पाण्यातली मंद कंपनं कळतात. डोळ्यांना काही दिसत नसलं तरी ही रेषा चालू असते. म्हणून नियम असा बनला: पाणी नितळ तर विलो, पाणी गढूळ तर कोलोरॅडो.

हा नियम कुणी एका माणसाने लिहिला नाही. आणि त्याच्याही आधी एक मोठी उडी घ्यावी लागली, ती आपल्याकडे दिसत नाही. कशी ते सांगतो.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. त्याच्या नावावरचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ साधारण ११३० च्या सुमाराचा. मराठीच्या जुन्या खुणा शोधणारे त्याचं नाव घेतात, कारण त्यात मराठी ओळी सापडतात. पण त्यातच 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे, गळाने मासे पकडण्याच्या खेळावर! सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला तेव्हा ते अभ्यासकांच्या नजरेत आलं. कोणता मासा कुठे राहतो, त्याला काय खायला घालून एका जागी आणायचा, दोर कसा, काठी कशी, सगळं. राजाने, किंवा राजाच्या पदरच्या कुणीतरी, पाण्याकाठी बरीच दुपार घालवली असणार हे वाचताना कळतं.

पण त्या सगळ्या ज्ञानाच्या मध्यभागी खाणं आहे. माशाला आवडतं ते द्या, तो येईल. बाळापूरच्या नदीकाठी आजही तेच चालतं, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. धातूच्या पात्याचा विचार याच्या उलट आहे. माशाला खायला काही द्यायचंच नाही, फक्त खाणं पळून चाललंय असं भासवायचं. पॅसिफिक बेटांवरच्या लोकांना हे आधीपासून माहीत होतं, ते शिंपल्याचे चकाकते तुकडे होडीमागे ओढायचे. उत्तर युरोपातही धातूची चकाकणारी आमिषं जुनी आहेत. पण त्याचा कारखाना आणि धंदा झाला तो अमेरिकेत.

ज्युलिओ बुएल. जन्म १८०६, व्हरमाँट राज्यातला, व्यवसायाने कातडी-फरवाला. गोष्ट अशी सांगतात की तरुणपणी होडीत बसून जेवताना त्याच्या हातून चमचा तळ्यात पडला. चमचा डुगडुगत खाली चालला, एका माशाने झडप घातली आणि घेऊन गेला. पुढच्या वेळी त्याने चमच्याचा दांडा कापला, एका टोकाला भोक पाडलं, दुसऱ्याला गळ जोडला. आता ही गोष्ट शंभर टक्के अशीच घडली का? न्यूटनचं सफरचंद आणि बुएलचा चमचा एकाच कपाटात ठेवावेत असं माझं मत. पेटंट मात्र खरं आहे, १८५२ चं.

मला त्या गोष्टीत एक तपशील फार आवडतो. पहिलं कृत्रिम पातं हे कस्टमाइज केलेलं होतं. घरातला चमचा, कापलेला. म्हणजे ही वस्तू जन्मालाच जुगाड म्हणून आली. दुकानातलं रेडीमेड पातं नंतरचं.

पुढचं भरभर सांगतो. इंडियाना राज्यातल्या लोगन्सपोर्ट गावात जॉन हिल्डेब्रँटने १८९९ च्या सुमारास पाती बनवायला घेतली आणि ते नाव शंभरहून जास्त वर्षं टिकलं. शिकागोच्या जेमिसन कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या आसपास शॅनन ट्विन स्पिनर विकायला काढला. दोन तारांवर दोन पाती, गळाच्या वर. आजच्या स्पिनरबेटचा आजोबा तोच. इकडे फ्रान्समध्ये आंद्रे म्यूलनार नावाच्या इंजिनिअरने १९३८ मध्ये एकाच सरळ तारेवर फिरणारं पातं काढलं. त्याच्या कंपनीचं नाव मेप्स, म्हणजे एका लांबलचक फ्रेंच नावाची आद्याक्षरं, आणि त्या नावात 'अचूक साधनं' असे शब्द आहेत. इंजिनिअर कुठेही गेला तरी इंजिनिअरच. महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या खिशांतून हे फ्रेंच पातं अटलांटिकपार गेलं आणि विस्कॉन्सिनमधल्या एका सामान विकणाऱ्याने ते १९५१ नंतर तिकडे गाजवलं.

मग १९७१. रे स्कॉट नावाच्या विमा एजंटाने बास मासेमारीच्या स्पर्धा सुरू केल्या होत्या. त्या वर्षी त्याने पहिली क्लासिक भरवली. २४ स्पर्धक विमानात बसवले, कुठे चाललोय ते कुणालाच माहीत नाही. विमान हवेत गेल्यावर जाहीर केलं: नेवाडातलं लेक मीड. वाळवंटातलं धरण. बॉबी मरे जिंकला, तीन दिवसांत ४३ पौंड ११ औंस, आणि त्याच्या दोराला होतं स्पिनरबेट. बक्षीस १० हजार डॉलर. पुढच्याच वर्षी स्कॉटने दुसरी गोष्ट सुरू केली, पकडलेला मासा जिवंत सोडून द्यायची. स्पर्धा इतक्या वाढल्या होत्या की तसं केलं नसतं तर तळीच रिकामी झाली असती.

या स्पर्धांनी पात्यांचं ज्ञान बदललं. आधी ते गावागावात होतं, प्रत्येकाच्या तळ्यापुरतं. आता एकच माणूस आज नितळ धरणावर, पुढच्या महिन्यात चिखलाच्या नदीवर, त्यानंतर गवताने भरलेल्या तळ्यावर. प्रत्येक ठिकाणी पाती बदलावी लागली. पुढे छोटं कोलोरॅडो आणि मागे मोठं विलो, अशी जोडी त्यातूनच लोकप्रिय झाली, धप् आणि चमक दोन्ही एकत्र. पांढऱ्या आणि पोपटी रंगाची पाती, ठोकून खडबडीत केलेली पाती, जास्त खोल वाटी दिलेली पाती. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड तेच, पॅरामीटर वेगळे.

आता भारत. बास आपल्या नद्यांत नाही. पण धातूचा चमचा आपल्याकडे १९ व्या शतकातच आला होता, दुसऱ्या माशासाठी. महसीर.

हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी, दक्षिण कॅनराचा कलेक्टर. त्याचं 'द रॉड इन इंडिया' १८७३ मध्ये मंगळूरला छापलं गेलं. इंग्रज साहेबांना तो पटवून देतोय की बाबांनो, इथली महसीर तुमच्या सामनपेक्षा भारी लढते. आणि ती कशी पकडायची हे सांगताना फिरत्या आमिषांवर पानंच्या पानं. महसीरचं वैशिष्ट्य असं की तिच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात, पण ओठांची आणि जबड्याची ताकद एवढी की इंग्लंडहून आणलेले गळ ती चेपून टाकायची. पातळ कड्या उघडायच्या. त्या काळच्या शिकाऱ्यांच्या लिखाणात ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. मग इंग्लंडमधल्या कंपन्या खास महसीरसाठी जाड चमचे, मजबूत गळ आणि जाड कड्या विकायला लागल्या. माशाने सामान बदलायला लावलं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

आपल्या दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय नाव टोर खुद्री. हे 'खुद्री' लॅटिन नाही. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशाचं वर्णन केलं तेव्हा त्याने इथली बोलीतली नावंच उचलली. नुक्ता, कोलस, खुद्री. लंडनच्या प्राणिशास्त्राच्या कपाटात मुठेकाठची मराठी जाऊन बसली.

साहेब लोक चमचा टाकत राहिले आणि मासे कमी होत गेले. सगळा दोष चमच्याचा नाही. सुरुंग आणि विष हे मोठे शत्रू होते, त्यांच्यावर बंदी घालणारा भारतीय मत्स्य कायदा १८९७ मध्ये आला. मग धरणं आली. आणि मग एक मराठी प्रकरण आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत तलावांवर सी. व्ही. कुलकर्णी आणि नंतर एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात महसीरची कृत्रिम पैदास जमवून दाखवली. महसीर वाचवण्याचं मोठं काम. तिथली पिल्लं राज्याबाहेरही गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरीत आधीपासून तिची स्वतःची कुबडवाली प्रचंड महसीर होती. १९४६ मध्ये काबिनीत १२० पौंडांची पकडली गेली होती, एवढी मोठी जात. बाहेरून आलेली खुद्री तिथे इतकी पसरली की मूळची मागे पडली. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या कुबडवालीला टोर रेमादेवी हे नाव पक्कं केलं आणि त्याच वर्षी ती अतिसंकटग्रस्त यादीत गेली. म्हणजे आता कावेरीत कुणी चमचा टाकला आणि निळसर परांची महसीर लागली, तर बहुतेक तिचे पूर्वज लोणावळ्याचे. हेतू चांगला होता हो. पण एका पाण्याचं उत्तर दुसऱ्या पाण्यात ओतलं की काय होतं, त्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आणि त्यामुळेच मी बाळापूरच्या पाण्याकडे परत आलो.

ज्यांनी बाळापूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर किल्ला आहे, त्याच्या पायथ्याशी बाळादेवीचं देऊळ, त्यावरून गावाचं नाव. किल्ल्याचं काम १८ व्या शतकातलं, १७५७ मध्ये एलिचपूरच्या नवाबाने पुरं केलेलं. पावसाळ्यात दोन्ही नद्या भरल्या की किल्ला जवळपास पाण्याने वेढला जातो. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. मन पुढे पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला. आणि सगळा मुलूख काळ्या मातीचा.

ही माती पाण्यात विरघळत नाही, तरंगत राहते. पहिल्या पावसानंतर नदीला चहाचा रंग येतो आणि महिनोन्महिने जात नाही. इथे एक लढाई झाली, ती ही: ऑगस्ट १७२०, निजाम-उल-मुल्क विरुद्ध आलम अली खान, बाळापूरजवळ. आलम अलीच्या बाजूने मराठेही होते. भर पावसाळा, पूर्णेला पूर, आणि चिखलात फौजांचे हाल. निजाम जिंकला आणि दख्खनचा पुढचा इतिहास बदलला. पण मी ते वाचताना मनात म्हणत होतो, हाच तो चिखल. याच पाण्यात मी विलो पातं फिरवायला निघालो होतो?

या पाण्यात मासा कोणता, तर मरळ. बासच्या जागी आपल्याकडे कुणी उभं राहू शकत असेल तर मरळच. दबा धरून बसणारी, अंगावर येणारी, तोंड मोठं. वर येऊन हवेतून श्वास घेते, त्यामुळे नदी आटून डोह उरला, पाण्यातला प्राणवायू संपत आला, बाकी मासे मेले तरी मरळ टिकते. काठाला बेशरमाची झुडपं, मधे जलपर्णी. साधा गळ टाकला की दुसऱ्या मिनिटाला बेशरमाच्या फांदीला. इथे ती व्ही आकाराची तार कामाला येते, फांद्यांना घासत घासत बाहेर निघते.

नदीकाठी एक वयस्कर काका नेहमी भेटतात, भोई आहेत, फेकजाळं घेऊन. पहिल्यांदा त्यांनी माझं स्पिनरबेट हातात घेतलं, उलटसुलट केलं, म्हणाले, "हे त बायायच्या कानातलं डूल होय न बापू." मी समजावलं की काका, हे चमकतं, मासा बघतो आणि येतो. ते हसले. "ह्या पान्यात मासा काय पाह्यते रे? मासा आयकते." झालं. अमेरिकेतल्या बक्षीसपात्र ज्ञानाचं सार त्यांनी एका वाक्यात सांगून जाळं खांद्यावर टाकलं आणि गेले.

तर गोल पातं. पण बाजारात मिळणारी कोलोरॅडो पाती मला उथळ वाटली. मरळ झुडपात बसलेली असते, आमिष तिच्यासमोरून फार हळू जायला हवं, आणि हळू ओढलं की उथळ पातं फिरायचंच थांबतं. वाटी खोल केली तर कमी वेगातही पाणी पकडतं. म्हणून पाती घेऊन मी भांडी ठोकणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. लाकडाच्या ठोकळ्यात छोटा खड्डा, त्यावर पातं, आणि गोल तोंडाची हातोडी. कडेपासून सुरू करून मधे येत ठोकायचं, एकदम मधे नाही, नाहीतर पातं फाटतं. अजून एक गोष्ट त्यांनी न विचारता केली, पातं आधी तापवून थंड होऊ दिलं. ठोकून ठोकून पितळ कडक होतं, तापवलं की पुन्हा नरम. मटेरियल सायन्सच्या तासाला हे मी शिकलो होतो आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. तापवल्यावर वरचा निकेलचा मुलामा काळवंडला, त्याचं मला दुःख नाही. चमक हवीच कुणाला होती?

मग चाचणी, कारण सवय. शेतातल्या हौदात पातं ओढायचं आणि फोनच्या स्लो मोशनमध्ये फेरे मोजायचे. विलोचे फेरे मोजताना डोळे दुखतात इतके. कोलोरॅडोचे कमी. ठोकलेल्या कोलोरॅडोचे त्याहून कमी, पण माझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी होती: मूळ पातं ज्या वेगाला थांबत होतं त्याहून हळू ओढलं तरी हे फिरत राहिलं. एका पात्याची कडा मी पकडीने थोडी वाकवून एका बाजूला जड केली, ते लंगडत फिरायला लागलं. एक ठोका जोरात, एक हळू. त्याने मरळ जास्त येते असं छातीवर हात ठेवून सांगण्याएवढे दिवस मी गावी राहत नाही. दिवाळी, उन्हाळा आणि मधले दोन-चार लाँग वीकेंड, एवढाच माझा डेटा.

घरी करणार असाल तर दोन गोष्टी. कडी चांगली घ्या, बॉल बेअरिंगची. पातं कितीही भारी असलं आणि कडी अडकली तर तो फक्त पितळेचा तुकडा. आणि वाटी खोल केल्यावर आमिष जास्त वर उचलतं, तेव्हा शिशाचं डोकं थोडं जड घ्या. हिवाळ्यात काटेपूर्णेसारख्या धरणाचं पाणी बऱ्यापैकी निवळतं, तेव्हा विलो बाहेर काढायला हरकत नाही. पण धरणांवर मासेमारीचे ठेके बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. आधी विचारा. तुमचा छंद आहे, त्यांची रोजी आहे.

आता एक गोष्ट, जी व्हिडिओंमध्ये अभिमानाने दाखवतात आणि मला खटकते. पावसाळ्यात मरळ अंडी घालते. पिल्लं निघाली की शेकडो पिल्लांचा नारिंगी-तांबडा गोळा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो, आणि आईबाप खाली राखण करतात. त्या गोळ्यातून काहीही धपधपत गेलं की मरळ हल्ला करते. भूक म्हणून नाही, पिल्लांसाठी. म्हणजे वर्षभरात मरळ पकडायची सगळ्यात सोपी वेळ हीच, आणि गोल पातं हे त्यासाठी अगदी योग्य हत्यार, कारण त्या गढूळ पाण्यात तेवढंच तिला कळतं. ती गेली की पिल्लांना राखण नाही, बाकीचे मासे त्यांचा फडशा पाडतात. सोडून दिली तरी ती दमलेली, आणि तेवढ्या वेळात पिल्लं उघड्यावर.

मी त्या गोळ्यावर टाकत नाही. कमेंटमध्ये मला कुणीतरी म्हणणार की भोई लोक जाळ्यात सगळंच ओढतात, तुझ्या एका गळाने काय होतं. मी काकांना हे विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, "पिल्लायवरची मरळ आमचे बुढे बी नव्हते धरत. पुढच्या सालचं काय खाशीन मंग?" सगळे पाळतात असं ते म्हणाले नाहीत. त्यांच्या लहानपणी डोह उन्हाळ्यातही भरलेले असायचे, आता बरेच मार्चमध्ये कोरडे, आणि उरलेल्या एखाद-दोन डोहांत आजूबाजूच्या सगळ्या मरळी गोळा होतात. तिथे पातं टाकणं म्हणजे पिंपात गळ टाकणं. तिथेही मी टाकत नाही, पण सगळे माझ्यासारखे दोन दिवसांचे पाहुणे नसतात, त्यामुळे कुणाला उपदेश करत नाही.

माझ्या डबीत सध्या काय आहे ते विचारणाऱ्यांसाठी: ठोकलेली कोलोरॅडो तीन, त्यातलं एक लंगडं. इंडियाना एक, ऑक्टोबरसाठी. विलोचं अख्खं पाकीट, जवळपास न उघडलेलं, कुणाला नितळ पाण्यासाठी हवं असेल तर मेसेज करा, पोस्टाने पाठवतो.

या भागाला एवढंच. तुम्ही स्वतः पातं ठोकलंत किंवा वाकवलंत तर फोटो आणि पाण्याचा रंग, दोन्ही पाठवा. तुमच्याकडे मरळीच्या पिल्लांच्या गोळ्याला काय म्हणतात तेही कळवा, मला प्रत्येक जिल्ह्याचा शब्द गोळा करायचाय. पुढचा भाग बाळापूरच्या हातकागदावर, याच नद्यांच्या काठी एके काळी तो बनायचा.